वाघ, चितळ आणि एक सरळ रेषा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. म्हणून मी ठरवलं, आज जंगलाबद्दल बोलायचं, पण खडू-फळा हातातून सोडायचा नाही. विषय थोडक्यात असा: एखाद्या जंगलात चितळ, सांबर, रानडुकरं किती आहेत हे ठाऊक असेल, तर तिथे वाघ किती असावेत हे सांगता येईल का? आणि सांगता आलं, तर त्या सांगण्यावर कितपत विसंबायचं?

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ शेताच्या बांधापर्यंत येतो, गुरं जातात, माणसं मरतात. वाघ जास्त झालेत की जंगलात खायला कमी पडतंय, यावर पारावर वाद होतात आणि विधानसभेतही होतात. अशा वादात दोन आकड्यांचा संबंध नीट मांडता येणं ही चैन नव्हे, गरज आहे.

पद्धत शाळेतल्या आलेखाची. आडव्या अक्षावर भक्ष्याची घनता घ्यायची, म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे खूर असलेले किती प्राणी. उभ्या अक्षावर शंभर चौरस किलोमीटरमागे किती वाघ. प्रत्येक जंगल म्हणजे कागदावर एक ठिपका. या ठिपक्यांमधून अशी सरळ रेषा काढायची की प्रत्येक ठिपक्याचं रेषेपासूनचं उभं अंतर मोजलं, त्याचा वर्ग केला आणि सगळे वर्ग मिळवले, तर बेरीज कमीत कमी यावी. फ्रान्समध्ये लेजांद्र यांनी धूमकेतूंच्या कक्षा काढताना ही लघुतम वर्गांची रीत १८०५ मध्ये छापली, आणि गाउस यांनी १८०९ मध्ये तिला संभाव्यतेचा आधार दिला. आईवडिलांच्या उंचीवरून मुलांच्या उंचीचा अंदाज बांधताना फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ च्या निबंधात जे नाव वापरलं, त्यावरून आज आपण तिला लिनियर रिग्रेशन म्हणतो. पाठ्यपुस्तकात ती रेषीय समाश्रयण म्हणून भेटते.

ठिपके कुठून आणायचे? २००४ मध्ये वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत, अमेरिकेतले वन्यजीवशास्त्रज्ञ जेम्स निकोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या शोधपत्रिकेत एक निबंध प्रसिद्ध केला. भारतातल्या अकरा ठिकाणी त्यांनी एकाच शिस्तीने वाघ आणि भक्ष्य दोन्ही मोजले होते. त्या अकरांत आपला मेळघाट आहे, ताडोबा आहे आणि महाराष्ट्रातला पेंचही आहे.

हे मोजणं कसं चालतं ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भक्ष्यासाठी जंगलात सरळ वाटा आखतात. पहाटे दोघं जण त्या वाटेने न बोलता चालतात. चितळांचा कळप दिसला की थांबायचं, डोकी मोजायची, होकायंत्राने कोन घ्यायचा, अंतर मोजायचं, वहीत टिपायचं. वाटेलगतचा प्राणी बहुधा दिसतोच, साठ मीटरवरच्या झुडपाआडचा पुष्कळदा सुटतो. अंतर वाढेल तसं दिसण्याचं प्रमाण कसं घटतं, याची वक्ररेषा नोंदींतूनच काढतात आणि न दिसलेल्यांचा हिशेब तिच्यावरून लावतात. वाघासाठी रस्त्याच्या दोन्ही अंगांना कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात आणि ओळख पटायला दोन्ही लागतात. तोच वाघ पुन्हा पुन्हा किती वेळा टिपला गेला, यावरून एकदाही न टिपलेले किती असतील याचा अंदाज येतो. म्हणजे दोन्ही अक्षांवरचे आकडे अंदाजच आहेत, आणि प्रत्येकाला आपापली चूक चिकटलेली आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, थोड्या वेळाने ती कामाला येणार आहे.

आता आकडे. पहिला भक्ष्याचा, दुसरा वाघांचा. काझीरंगा ५८.१ आणि १६.७६. बंदीपूर ३५.२ आणि ११.९७. नागरहोळे ५६.१ आणि ११.९२. कान्हा ५७.३ आणि ११.७०. रणथंभोर ६०.६ आणि ११.४६. महाराष्ट्रातला पेंच १६.२ आणि ७.२९. पन्ना ३०.९ आणि ६.९४. मेळघाट ५.३ आणि ६.६७. मध्य प्रदेशातला पेंच ६३.८ आणि ४.९४. भद्रा १६.८ आणि ३.४२. ताडोबा १३.१ आणि ३.२७. हे आकडे त्या काळचे आहेत. आजचा ताडोबा त्यात शोधू नका.

घरी आलेखकागद असेल तर हे अकरा ठिपके मांडून बघा. लघुतम वर्गांची रेषा काढली तर तिचा चढ ०.१२ येतो आणि अंतःखंड ४.२७. म्हणजे दर चौरस किलोमीटरला भक्ष्याचे दहा प्राणी वाढले, तर शंभर चौरस किलोमीटरला साधारण १.२ वाघ वाढतात. वाघांच्या घनतेत जंगलागणिक जो फरक पडतो, त्यातला ३९ टक्के भाग ही रेषा समजावून देते. वाईट नाही. पण जरा अंतःखंडाकडे बघा. आडव्या अक्षावर शून्य टाकलं, म्हणजे जंगलात एकही चितळ नाही, सांबर नाही, डुक्कर नाही, तर ही रेषा सांगते की तिथे शंभर चौरस किलोमीटरला चारांहून जास्त वाघ असतील. ते खाणार काय?

रेषा चुकली असं म्हणून सोडून देऊ नका. ती का चुकली हे समजलं की आपल्याला बरंच काही मिळतं.

आधी वाघाच्या पोटापासून सुरुवात करू. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात, आठवड्याला एक म्हणा. आणि कारंत-निकोल्स यांच्या मांडणीनुसार वाघ उपलब्ध भक्ष्यापैकी दरसाल सुमारे दहा टक्के उचलतात. उरलेल्यांत बिबट्याचा आणि रानकुत्र्याचा वाटा आहे, रोगराई आहे, म्हातारपण आहे, शिवाय कळपाला पुढच्या वर्षी उभं राहायचं आहे. म्हणजे एका वाघामागे पाचशे प्राणी हवेत. चौरस किलोमीटरला एक प्राणी असेल, तर शंभर चौरस किलोमीटरला शंभर प्राणी, म्हणजे ०.२ वाघ. या हिशेबाची रेषा शून्यातूनच निघते आणि तिचा चढ ०.२ आहे. भक्ष्य शून्य, वाघ शून्य.

ही दुसरी रेषा त्याच कागदावर काढा आणि ठिपके पुन्हा पाहा. कान्ह्याला ती ११.५ वाघ सांगते, मोजले गेले ११.७. रणथंभोरला १२.१ सांगते, मोजले ११.५. नागरहोळेला ११.२ सांगते, मोजले ११.९. भद्रा ३.४ आणि ३.४. पन्ना ६.२ आणि ६.९. ताडोबा २.६ आणि ३.३. नुसत्या पोटाच्या हिशेबावरून बांधलेला अंदाज निम्म्याहून जास्त ठिकाणी इतका जवळ यावा, याचा मला आजही आनंद होतो. गणित जंगलावर लादलेलं नाही, जंगलातूनच वर आलेलं आहे, असं मानायला इथे भक्कम आधार मिळतो.

मग लघुतम वर्गांनी चढ ०.२ ऐवजी ०.१२ का दिला? दोन कारणं आहेत. पहिलं कारण मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं तेच. रिग्रेशनची साधी रीत असं धरून चालते की आडव्या अक्षावरचा आकडा बिनचूक आहे आणि सगळी चूक उभ्या अक्षावर आहे. इथे आडव्या अक्षावरची चितळंही अंदाजाने मोजलेली आहेत. आडव्या आकड्यांत चूक असली की ठिपके डावीकडे-उजवीकडे पसरतात आणि रेषा आडवी पडत जाते. चढ कमी दिसतो, अंतःखंड फुगतो. इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी दोन सदोष मोजमापांमधला संबंध असाच खरा आहे त्याहून दुबळा दिसतो हे १९०४ मध्ये दाखवलं होतं. तरीही पदवीच्या वर्गात आपण हे घाईघाईत उरकतो. संगणकाला आकडे दिले की तो रेषा देतो, पण आडव्या अक्षावर विश्वास किती ठेवायचा हे विचारत नाही.

दुसरं कारण म्हणजे एक-दोन ठिपक्यांची ताकद. मध्य प्रदेशातल्या पेंचचा ठिपका बघा. भक्ष्य सगळ्यांत जास्त, ६३.८, आणि वाघ फक्त ४.९४. पहिली रेषा तिथे जवळजवळ बारा वाघ सांगते. हा एक ठिपका बाजूला ठेवून उरलेल्या दहांवर रेषा काढली, तर चढ ०.१७ होतो आणि ३९ टक्क्यांची जागा ७० टक्के घेतात. अकरातला एक ठिपका हलला आणि निष्कर्षाचा सूर बदलला! अशा वेळी मोह होतो की हा ठिपका अपवाद म्हणून काढून टाकावा, म्हणजे निबंध देखणा होईल. माझं स्पष्ट मत आहे की तो काढू नये. त्या ठिपक्यापाशी थांबून विचारावं: इथे काय झालं?

आणि शेजारचाच ठिपका बघा. पेंच नदीच्या दोन्ही अंगांना जंगल एकच आहे, राज्याची सीमा मधून जाते. पलीकडे भक्ष्य ६३.८ आणि वाघ ४.९. अलीकडे महाराष्ट्रात भक्ष्य त्याच्या चौथाई, १६.२, आणि वाघ मात्र ७.३. वाघाला सीमा कळत नाही, तो रात्रीत वीस किलोमीटर चालतो. आपण ज्या तुकड्यात चितळं मोजली आणि ज्या तुकड्यात वाघ टिपला, ते तुकडे वाघाच्या दृष्टीने वेगळे नसतीलही. शिवाय आडव्या अक्षावर आपण फक्त डोकी मोजली. एक प्रौढ गवा वजनाने दहा-पंधरा चितळांना भारी असतो. काझीरंगा रेषेच्या इतका वर का, याचं उत्तर शोधताना तिथल्या रानम्हशी आणि बारशिंगे नजरेआड करून चालणार नाही. आणि गुरं? चरायला सोडलेली गुरं वाघ खातोच. ती आडव्या अक्षावर कुठेच नाहीत. चंद्रपुरात ब्रह्मपुरीच्या शेत-जंगलाच्या पट्ट्यात जे वाघ राहतात, त्यांना चितळांच्या आकड्यावरून समजून घ्यायला गेलं तर गणित फसणार, कारण त्यांच्या ताटातला मोठा घास आपण मांडलेलाच नाही.

मोजणी डोक्यांऐवजी वजनात केली तर काय होतं? कार्बोन आणि गिटलमन यांनी २००२ मध्ये वेगवेगळ्या आकारांचे मांसाहारी प्राणी तपासून दाखवलं की दहा हजार किलो भक्ष्य असेल तिथे एका जातीचा शिकारी साधारण नव्वद किलो असतो, मग तो लहान असो की मोठा. २०१५ मध्ये इयन हॅटन आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या मोठ्या प्राण्यांपासून सुरुवात करून शेकडो परिसंस्था तपासल्या. भक्ष्याचं वजन आणि शिकाऱ्यांचं वजन दोन्हींचे लॉग घेतले की ठिपके सरळ रेषेत येतात आणि चढ पाऊणच्या, म्हणजे तीन चतुर्थांशाच्या, जवळ येतो. त्याचा अर्थ असा की भक्ष्य सोळापट झालं तर शिकारी सोळापट होत नाहीत, आठपटच होतात. जिथे भक्ष्याची गर्दी असते तिथे त्याची वीण मंदावते, आणि शिकाऱ्याच्या वाट्याला दर जनावरामागे कमी येतं.

आपल्या अकरा जंगलांवर हाच प्रयोग मी केला. आपल्याकडे वजनं नाहीत, डोकीच आहेत, तेव्हा तुलना काटेकोर नाही. लॉगच्या रेषेचा चढ, म्हणजे घातांक, ०.३८ आला, पाऊणच्या जवळपास निम्मा. मग मेळघाट बाजूला ठेवून पाहिलं. तो ०.६४ झाला. मेळघाटातलं भक्ष्य इतकं विरळ होतं की लॉगच्या कागदावर तो ठिपका डाव्या टोकाला एकटा पडतो, आणि टोकाला बसलेला ठिपका रेषा आपल्याकडे ओढतो. अकरा ठिपके ही फार थोडी शिदोरी आहे. तिच्यावरून हॅटन यांचा नियम मोडला असं म्हणणं उतावीळपणाचं होईल, आणि सिद्ध झाला असं म्हणणंही.

आतापर्यंत आपण एकाच काळातली अनेक जंगलं शेजारी-शेजारी ठेवली. आता उलट करू. जंगल एकच घेऊ आणि वर्षं अनेक. इथे जो गोंधळ होतो तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण वर्तमानपत्रातल्या बहुतेक चर्चा याच खड्ड्यात पडतात.

अमेरिका आणि कॅनडाच्या मधल्या सुपीरियर सरोवरात आयल रॉयल नावाचं बेट आहे. तिथे मूस आहेत, म्हणजे हरणांच्या कुळातलं सगळ्यांत धिप्पाड जनावर, आणि लांडगे आहेत. दुसरा मोठा शिकारी नाही, आणि माणूस तिथे शिकार करत नाही. १९५८ मध्ये ड्युरवर्ड अ‍ॅलन यांनी तिथे मोजणी सुरू केली. शिकारी आणि भक्ष्य यांचा इतका दीर्घ अभ्यास जगात दुसरा नाही. १९८० मध्ये लांडगे पन्नास होते आणि मूस काही शेकड्यांत. १९९५ मध्ये मूस जवळजवळ चोवीसशे झाले आणि लांडगे सोळा. हे दोन ठिपके जोडले तर रेषा खाली उतरते: मूस वाढले की लांडगे कमी होतात. कान्हा-ताडोब्याच्या रेषेच्या अगदी उलट. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे, प्रश्न वेगळे आहेत. पहिल्या आलेखात प्रत्येक जंगलाला आपापली घडी बसायला पुष्कळ काळ मिळाला आहे, म्हणून जिथे खायला जास्त तिथे खाणारे जास्त. दुसऱ्या आलेखात आपण घडी बसताना, विस्कटताना बघतो आहोत. तिथे लांडगे मुसांना कमी करतात आणि मूस लांडग्यांना वाढवतात, आणि हे दोन्ही एकाच वेळी चालू असतं. त्यात वेळ मध्ये जातो. मृगाचा पाऊस पडला म्हणून विहीर त्याच दिवशी भरत नाही, ती भाद्रपदात तुडुंब दिसते आणि तोवर पाऊस ओसरलेला असतो. शिकारी असाच मागून येतो. कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशातला ससा आणि लिंक्स नावाचं रानमांजर यांची हडसन्स बे कंपनीकडे जमा झालेल्या कातड्यांवरून बांधलेली आकडेवारी प्रसिद्ध आहे. चार्ल्स एल्टन आणि मेरी निकोल्सन यांनी १९४२ मध्ये लिंक्सच्या त्या नोंदी मांडल्या. सुमारे दहा वर्षांनी चक्र फिरतं, सशांचा शिखरकाळ आधी येतो, लिंक्सचा मागाहून. दोन लाटा चक्राच्या चौथाईने मागेपुढे असल्या की त्याच वर्षाचे दोन आकडे घेऊन काढलेला सहसंबंध शून्याजवळ येतो. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही, आणि तरी सरळ रेषा म्हणते की यांचा काही संबंध नाही!

यातून वाट काढायला आधी इटलीत जावं लागेल. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली. उंबेर्तो द'अँकोना या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने फिउमे बंदरातले आकडे पाहिले. बाजारात येणाऱ्या माशांत शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण १९१४ मध्ये ११.९ टक्के होतं, १९१८ मध्ये ते ३६.४ टक्के झालं आणि १९२३ मध्ये पुन्हा १०.७ वर आलं. मासेमारी मंदावली तर सगळेच मासे वाढायला हवेत, शिकारी मासेच प्रमाणाबाहेर का वाढले? त्याने हा प्रश्न आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना, गणिती व्हितो व्होल्तेर्रा यांना विचारला. १९२६ मध्ये व्होल्तेर्रांनी समीकरणं मांडली. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका त्याच समीकरणांपर्यंत १९२५ मध्ये स्वतंत्रपणे पोचले होते.

त्या समीकरणांचा गाभा आपल्या कामाचा आहे. शिकाऱ्यांची संख्या भक्ष्याच्या संख्येशी सरळ रेषेने जोडलेली नसते. शिकाऱ्यांच्या वाढीचा दर भक्ष्याच्या संख्येशी सरळ रेषेने जोडलेला असतो. म्हणजे उभ्या अक्षावर लांडग्यांचा आकडा मांडायचा नाही. या वर्षीचे लांडगे भागिले गेल्या वर्षीचे लांडगे, त्याचा लॉग, तो उभ्या अक्षावर. आडव्या अक्षावर गेल्या वर्षीचे मूस. आता रेषा काढा. इथे अंतःखंडाला पहिल्यांदा खरा अर्थ मिळतो: भक्ष्य शून्य असेल तर शिकारी दरसाल कोणत्या वेगाने कमी होतील. तो ऋण यायला हवा. चढ सांगतो, एक मूस वाढला की लांडग्यांच्या वाढीत किती भर पडते. भक्ष्यासाठी वेगळी रेषा काढायची आणि तिथे उभ्या अक्षावर मुसांच्या वाढीचा दर, आडव्यावर लांडगे. तिचा चढ ऋण असतो. हे लघुतम वर्गांचंच काम आहे, लेजांद्र यांच्या १८०५ च्या रीतीचं. बदल एवढाच केला की कोणत्या अक्षावर काय ठेवायचं ते जंगलाला विचारून ठरवलं.

आणि तरीही ठिपके रेषेवर बसत नाहीत. १९८० ते १९८२ या दोन वर्षांत आयल रॉयलचे लांडगे पन्नासांवरून चौदांवर आले. मूस होते, तरी लांडगे कोसळले. रेषेपासून तो ठिपका फार खाली पडला. कारण होतं कुत्र्यांमधून बेटावर पोचलेला पार्व्होव्हायरस. १९९६ च्या कडक हिवाळ्याने मूस उपाशी मारले, त्यात लांडग्यांचा हात नव्हता. पुढे लांडग्यांत जवळच्या नात्यात वीण होत राहिली, ते दोनच उरले, आणि २०१८-१९ मध्ये बाहेरून एकोणीस लांडगे आणून सोडावे लागले. यांतली एकही गोष्ट समीकरणात नव्हती. पण समीकरण होतं म्हणूनच लक्षात आलं की या वर्षी काहीतरी तिसरंच घडलं आहे.

मला आज जे सांगायचं आहे ते हेच. लोक रिग्रेशनकडे रेषेसाठी जातात. मी तुम्हाला ठिपक्यांच्या रेषेपासूनच्या अंतराकडे बघायला सांगतो. पन्नाचा ठिपका कारंत-निकोल्स यांच्या निबंधातल्या आकड्यांत रेषेच्या जवळ होता, वाघ ६.९४. तिथे चितळं, सांबर, नीलगायी राहिल्या आणि २००९ पर्यंत वाघ मात्र एकही उरला नाही. राजस्थानात सरिस्कामध्ये हेच २००४-०५ मध्ये घडलं होतं. दोन्ही ठिकाणी कारण शिकारीचं होतं. जंगलात भक्ष्य आहे, रेषा सहा-सात वाघ सांगते आहे, आणि प्रत्यक्ष वाघ कमी होत चालले आहेत, तर ते खालचं अंतर हीच तक्रार आहे. ते दरवर्षी कोणी मोजत राहिलं असतं, तर शेवटचा वाघ जाण्याआधी ती तक्रार ऐकू आली असती. दोन्ही ठिकाणी पुढे दुसऱ्या जंगलांतून वाघ आणून सोडले.

एक इशारा द्यायला हवा. सरिस्कानंतर देशभरच्या वाघगणनेची पद्धत बदलली. ठशांवरून वाघ ओळखणं मागे पडलं. सगळीकडे पायी फिरून ठसे, विष्ठा यांच्या खुणा मोजायच्या, निवडक ठिकाणी कॅमेऱ्यांनी वाघ मोजायचे, आणि दोन्हींत संबंध बसवून उरलेल्या जंगलांचे वाघ काढायचे, अशी रीत आली. २००६ चा अंदाज १,४११ होता, २०२२ चा सरासरी अंदाज ३,६८२. खुणा आणि वाघ यांच्यातल्या त्या रेषेवर २०१५ मध्ये अर्जुन गोपालस्वामी, भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे मोहन देलंपाडी, कारंत आणि इतरांनी आक्षेप घेतला. त्यांचा मुद्दा असा की खूण सापडण्याची शक्यता जंगलागणिक बदलते, मातीत ठसा उमटतो, दगडावर नाही, आणि ती बदलत असेल तर खुणा आणि वाघ यांच्यात फार घट्ट संबंध मिळणं गणिताने संभवत नाही. गणना करणाऱ्या शास्त्रज्ञांना हा आक्षेप मान्य झाला नाही. कॅमेऱ्यांची संख्या मात्र पुढच्या प्रत्येक गणनेत वाढत गेली, आणि ते चांगलं झालं. यातून मी विद्यार्थ्यांना एवढंच सांगतो की ठिपके रेषेला फारच चिकटून बसलेले दिसले, तर आनंद करण्याआधी मोजणी तपासा.

दर चार वर्षांनी वाघांचा आकडा जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तोच एक आकडा मथळ्यात असतो. त्याच्या शेजारी भक्ष्याचा आकडा क्वचित दिसतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी हे दोन्ही आकडे, त्यांतल्या संभाव्य चुकीच्या मर्यादांसह, वर्षानुवर्षं एका तक्त्यात ठेवणं अवघड नाही. गावाच्या बाजूला गुरांचा तिसरा स्तंभ हवा. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायला आपल्यातले कितीतरी जण हौसेने जातात. ती रात्र जंगलाची ओढ लावते, आणि ती लागायलाच हवी, पण त्या आकड्यांवरून घनता निघत नाही. त्यासाठी आखलेल्या वाटा पुन्हा पुन्हा चालाव्या लागतात. आपल्या महाविद्यालयांतल्या संख्याशास्त्राच्या आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वनविभागाकडे अर्ज करून त्या वाटा चालाव्यात, कोन आणि अंतर मोजायला शिकावं, आणि आपल्या जिल्ह्यातल्या जंगलाचा ठिपका स्वतः मांडावा. आणि पुढच्या वेळी वाघांचा आकडा जाहीर होईल तेव्हा तुम्ही सगळ्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा: त्याच वर्षी, त्याच जंगलात, चितळ आणि सांबर किती होते?